पाणंदीत तीच जागा, तोच चिखल: ट्रॅक्टर रुतणं आणि गुरं अडकणं यावरचा इलाज

तक्रार

मृगाचे दोन-तीन मोठे पाऊस झाले की काळ्या रानातली पाणंद, म्हणजे शेतात जायची वाट, नरम पडते. सकाळी गुरं चरायला जातात, दुपारी चारा आणायला ट्रॅक्टर निघतो आणि ठरलेल्या जागी बसतो. ती जागा हाळाजवळ, म्हणजे गुरांच्या पाण्याच्या हौदाजवळ असते, फाटकाच्या तोंडाशी असते, ओढ्याच्या उताराला असते किंवा शेजारच्या रानाचं पाणी पाणंदीत उतरतं तिथे असते. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावून ओढून काढतात, खड्ड्यात चार घमेली मुरूम टाकतात आणि पुढच्या पावसात पुन्हा तिथेच. बोल मात्र ड्रायव्हरला लागतो.

ड्रायव्हरचा दोष बहुतेक वेळा थोडाच असतो. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरच्या भारी जमिनीत हे दुखणं गुरांच्या खुरांनी सुरू होतं आणि चाकाने चिघळतं. गुरांची वाट आणि गाडीची वाट एकच असेल, आणि त्या वाटेवरचं पाणी कुठे जायचं ते ठरलेलं नसेल, तर कितीही अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला तरी तो रुतणार.

कारण मातीत आहे, आणि खुरात

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असतं. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. पहिला पाऊस या भेगांतून खाली निघून जातो, म्हणून मृगाच्या पहिल्या सरीनंतर वरून चिखल दिसला तरी गाडी बिनबोभाट जाते. त्यावर विसंबून दुसऱ्या आठवड्यात तीच गाडी घातली की फसते. तोवर भेगा मिटलेल्या असतात, पाणी जिरण्याचा वेग अगदीच मंदावलेला असतो आणि पुढचा प्रत्येक पाऊस वरच्या वीतभर थरात अडकून राहतो.

त्यावरून गुरं चालवली की काय होतं ते पाहा. ४०० किलोची गाय चारी पायांवर उभी असते तेव्हा खुराखालचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास येतो. चालताना वजन कमी पायांवर येतं, तेव्हा तो दुपटीच्या जवळ जातो. मागच्या चाकात १२ पीएसआय हवा असलेल्या ट्रॅक्टरचा दाब मात्र एक किलोच्या आसपास राहतो. ट्रॅक्टर जड असला तरी जमिनीत खुपसला जातो तो खूर. वीस गुरं दिवसातून दोनदा गेली की वीतभर खोल खळग्यांची चाळण तयार होते, प्रत्येक खळग्यात पाणी साठतं आणि पुढचा खूर ते पाणी मातीत मळतो. कुंभार माती तुडवतो ती हीच क्रिया. तुडवलेल्या मातीतली हवेची आणि निचऱ्याची छिद्रं बुजतात. मग चाकाला खाली टणक थर सापडत नाही, ते दोन चाकोऱ्या पाडतं, चाकोऱ्यांत पाणी उभं राहतं आणि पाणंदीचा ओढा होतो.

चाकाचं स्वतःचंही एक दुखणं आहे. काळी माती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि दोन-तीन फेऱ्यांत चाक डांबरी ड्रमसारखं गुळगुळीत होतं. नक्षी झिजलेली असेल तर एकाच फेरीत. टायर उलटा बसवला असेल, म्हणजे मागून पाहताना नक्षीच्या बाणाचं टोक वर न जाता खाली येत असेल, तर चिखल आपोआप झडण्याऐवजी आत कोंबला जातो. पंक्चरवाल्याकडून चाक परत आल्यावर हे बघायचं बहुतेकजण विसरतात.

जायचं की थांबायचं

वाफसा, म्हणजे ओल ओसरून माती काम करण्याजोगी होणं, आला की नाही हे दिवस मोजून ठरवू नका. ऊन, वारा, उतार आणि मातीची खोली यांवर तो अवलंबून असतो, शेजाऱ्याच्या रानात आला म्हणून तुमच्या पाणंदीत येत नाही. पाणंदीतल्या सगळ्यात वाईट जागी वीतभर खालची मूठभर माती काढा आणि तळहातावर वळवटी करा. आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड, सुमारे ३ मिलिमीटरची वळवटी न तुटता होत असेल तर भरलेली ट्रॉली घालू नका. तेवढ्या जाडीला येताना ती तुटून चुरा होत असेल तर माती गाडी पेलण्याच्या जवळ आली आहे. दुसरी खूण पहारेची. पहार उभी धरून नुसत्या तिच्या वजनावर सोडा. वीतभराहून जास्त आत गेली तर ट्रॅक्टर एकटाही जपून न्यायचा. वरचा थर सुकून पापुद्रा धरलेला असतो तेव्हा ही तपासणी जास्त गरजेची, कारण फसवणारा चिखल बहुधा वरून कोरडा दिसतो.

त्याच दिवशी गाडीही न्यायची असेल आणि गुरंही, तर आधी गाडी, मग गुरं. उलटं केलं की खुरांनी फोडलेल्या थरावर चाक येतं.

निघण्यापूर्वी मागच्या चाकातली हवा पाहा. रस्त्यावर ऊस किंवा विटा ओढण्यासाठी १८-२० पीएसआय भरलेली असते आणि तीच रानात घेऊन जातात. ती १२ वर आणली की टायर पसरतो आणि जमिनीला जास्त टेकतो. याहून कमी करू नका: ओढताना रिममध्ये टायर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून तुटतो. चाकाला लावलेली लोखंडी वजनं आणि टायरमध्ये भरलेलं पाणी कोरड्या नांगरटीला पकड देतं, पण ओल्या काळ्या मातीत तेच वजन ट्रॅक्टरला खाली नेतं. फोर-व्हील ड्राइव्हबद्दलही हेच म्हणावं लागेल. तो दहा पावलं पुढे जाऊन रुततो, आणि मग काढायला दहा पावलं जास्त दोर लागतो.

रुतला, तर पहिली दोन मिनिटं

ॲक्सिलरेटर सोडा. ट्रॅक्टर फसतो तो पहिल्या झटक्यात नव्हे, त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात, जेव्हा चाक जागेवर गरगर फिरून स्वतःची विहीर खणतं. चाक एकदा पूर्ण फिरलं आणि ट्रॅक्टर हातभरही सरकला नाही, तर क्लच दाबून उतरा.

खाली उतरून तीन गोष्टी बघायच्या: चाक किती खोल आहे, एकच चाक फिरत होतं की दोन्ही, आणि गिअरबॉक्सचं पोट चिखलाला टेकलं आहे का. पुढचं सगळं यावर ठरतं.

एकच चाक फिरत असेल तर दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा डिफरेन्शियल लॉक आहे, पण तो चाक थांबलेलं असताना लावायचा. फिरत्या चाकावर पेडल दाबलं की आतले दाते मोडतात, आणि ते काम चिखल काढण्यापेक्षा महाग. लॉक लावा, लो-१ किंवा लो-रिव्हर्स टाका, इंजिन १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवा, क्लच हळू सोडा, स्टेअरिंग सरळ. बाहेर येताच पेडल सोडायचं, नाहीतर वळता येत नाही. लॉक नादुरुस्त असेल, आणि बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत तो असतोच, तर दोन्ही ब्रेक जोडणारी कडी काढून फक्त फिरणाऱ्या बाजूचा ब्रेक हलका दाबा. फिरणारं चाक अडलं की जोर दुसऱ्या चाकाला जातो. रस्त्याला लागण्याआधी कडी पुन्हा लावा. ती न लावता वेगात ब्रेक मारला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊन उलटतो.

दोन्ही चाकं फिरत असतील पण पोट मोकळं असेल, तर फावडं घ्या. बाहेर मागे काढायचं, कारण मागची जमीन तुम्ही नुकतीच तुडवून आलात, ती माहितीची आहे. दोन्ही मागच्या चाकांमागे उताराचा चर काढा. चाक एक फूट खाली असेल तर चर किमान चार फूट लांब हवा, म्हणजे चढ चाकाला झेपतो. दोन फूट लांबीचा चर म्हणजे भिंतच, तिच्यावर चाक फक्त घासत राहतं. चरात मुरूम, विटांचे तुकडे किंवा रिकामी बारदानं घाला, बारदानाची लांबी चाकाच्या दिशेने. नक्षीत अडकलेला चिखल खुरपीने काढा. हे पाच मिनिटांचं काम कोणी करत नाही आणि तासभर तेवढ्यासाठी जातो.

टाकायला काय वापरावं यावर वाद असतो, म्हणून थोडं स्पष्ट. पाचट आणि कडबा ओल्या काळ्या मातीवर साबणासारखे घसरतात आणि ॲक्सलला गुंडाळतात; आडवे, दाट आणि जाड थरात रचले तरच थोडा उपयोग. पऱ्हाट्या आणि तुराट्या धरतात चांगल्या, पण त्यांची तिरकी कापलेली बुडखी टायरमध्ये घुसतात, म्हणून टोकं बाहेरच्या बाजूला आणि फक्त एका फेरीपुरत्या. सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे जुन्या कन्व्हेअर बेल्टचे किंवा चिरलेल्या टायरचे तीन-चार फुटी तुकडे. दोन तुकडे ट्रॅक्टरवर कायम बांधून ठेवले तर पावसाळाभर पुरतात.

पोट टेकलं असेल तर स्वतःच्या जोरावर निघण्याचा प्रयत्न सोडा. आधी पोटाखालची माती कुदळीने आणि पहारेने सोडवा, म्हणजे चिखलाची ओढ सुटते. अवजार मागे लावलेलं असेल तर पिना काढून वेगळं करा. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो: हायड्रॉलिकने पलटी नांगर किंवा फाळ खाली रेटून ट्रॅक्टरची मागची बाजू उचलायची. आपल्याकडच्या ट्रॅक्टरची लिफ्ट फक्त वर उचलते, खाली स्वतःच्या वजनाने सोडते, रेटत नाही. उचलायचंच असेल तर १० टनी बॉटल जॅक, आणि त्याच्याखाली किमान फूटभर लांब-रुंद, दोन इंच जाड सागाची किंवा बाभळीची फळी. फळी नसेल तर जॅक स्वतःच जमिनीत जातो. उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही अंग घालायचं नाही, फक्त चाकाखाली भराव टाकायचा.

ट्रॉली जोडलेली असेल तर हिचची पिन काढून ती आधी सोडा. भरलेल्या दोनचाकी ट्रॉलीचं तोंड जड असतं, त्यामुळे सोडण्याआधी तिच्या स्टँडखाली फळी द्या. ट्रॅक्टर एकटा बाहेर काढा, टणक जागी उभा करा आणि तिथून लांब साखळीने ट्रॉली ओढा. दोन्ही एकदम ओढण्याच्या हट्टात ट्रॉलीचं तोंड ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला दाबतं, पुढची चाकं उचलतात आणि स्टेअरिंग हाती राहत नाही.

ओढताना काय जीवघेणं आहे

दोन चुका माणसं मारतात.

पहिली: मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका साखळीने बांधून पुढे निघणं. चाक फिरलं तर ओंडका खाली येऊन ट्रॅक्टर उचलेल ही कल्पना. चाक अडलं तर मात्र इंजिनचा सगळा जोर ट्रॅक्टरचं तोंड आकाशाकडे फिरवण्यात जातो. मागची चाकं घट्ट अडकलेली असतील तर ट्रॅक्टर मागे पलटायला दीड-दोन सेकंद पुरतात, आणि तेवढ्यात क्लचवर पाय जात नाही. ओंडका बांधूच नका. मागे घेताना हा धोका खूप कमी असतो, हे मागे काढण्याचं दुसरं कारण. दोर टॉप-लिंकला किंवा ॲक्सलच्या वर कुठेही बांधला तरी ट्रॅक्टर असाच पलटतो. ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच.

दुसरी: दोराच्या रेषेत उभं राहणं. ताणलेला वायर रोप तुटला की चाबकासारखा परततो. दोराची जेवढी लांबी तेवढ्या अंतराच्या आत, ओढणारा ड्रायव्हर सोडून, कोणी नको, पोरं तर नकोतच. दोराच्या मध्यावर ओलं पोतं किंवा जड गोणी टाका, म्हणजे तुटला तर खाली पडतो. गाठ मारलेला, पिळा उसवलेला, गंजलेला दोर चिखलात वापरायचा नाही. नायलॉनचा दोर रबरासारखा ताणतो, त्यामुळे तुटला की जास्त जोरात येतो. झटका देऊन ओढण्याची सवय तर पूर्ण बंद करा: दोर आधी हळू ताणायचा, मग ताण धरून चालायचं.

जोराचा हिशोब साधा आहे. दोन टनांचा ट्रॅक्टर ओल्या रानात स्वतःच्या वजनाच्या निम्म्या आसपास ओढतो, म्हणजे एक टन. पोटापर्यंत रुतलेला तेवढ्याच वजनाचा ट्रॅक्टर सोडवायला त्याच्या वजनाइतका जोर लागू शकतो. एकाने निघत नाही म्हणून दोन ट्रॅक्टर एकामागे एक लावतात, ते चालतं, पण खूण करणारा माणूस एकच हवा आणि दोघांनी एकदम निघायचं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे कप्पी. दोराचं एक टोक बांधावरच्या कडुलिंबाच्या किंवा बाभळीच्या बुंध्याला अगदी खाली, सालीवर पोतं गुंडाळून. दोर रुतलेल्या ट्रॅक्टरला अडकवलेल्या कप्पीतून वळवायचा. दुसरं टोक ओढणाऱ्या ट्रॅक्टरला. रुतलेल्या ट्रॅक्टरवर जोर दुप्पट पडतो, ओढणाऱ्याला दुप्पट अंतर चालावं लागतं. कप्पी आणि तिचा हुक मात्र दुप्पट ओझ्याचे हवेत, विहिरीवरची पाणी शेंदायची कप्पी नाही. दोर किमान १५ मीटर, म्हणजे ओढणारा टणक जमिनीवर उभा राहतो. ओढणारा रुतला की मग तिसरा लागतो, आणि संध्याकाळ तिथेच होते.

बैलजोडी लावून ट्रॅक्टर काढण्याचा व्हिडिओ छान दिसतो. चिखलात बैलाचे मागचे पाय फाकले तर जनावर जन्माचं अधू होतं. करू नका.

जेसीबी बोलावण्याआधी तो उभा कुठे राहणार ते बघा. सात-आठ टनांचं यंत्र रबरी चाकांवर त्याच पाणंदीत येऊन बसतं, आणि मग पोकलेन लागतो. पोकलेनच्या पट्ट्याखालचा दाब मात्र गायीच्या खुरापेक्षाही कमी असतो, त्यामुळे तो येऊ शकतो.

पिकअप आणि छोटा हत्ती

या गाड्यांत जोर फक्त मागच्या चाकांना आणि बहुतेकांत डिफरेन्शियल लॉक नाही. रिकामी पिकअप भरलेलीपेक्षा जास्त फसते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. आत दोन-तीन क्विंटल खताच्या गोण्या ॲक्सलच्या वर ठेवल्या तर फरक पडतो. मागच्या टायरची हवा थोडी कमी करून निघा, पण डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा भरा.

गुरं भरलेली पिकअप फसली तर गुरं आतच ठेवून ओढू नका. एका बाजूला कलंडली की वजन खालच्या बाजूला जमतं आणि गाडी पलटते. मागे मातीने भरलेल्या गोण्यांचा उतार करा, फळ्या टाकून त्यावर पेंढा पसरा, एकेक जनावर कासरा ढिला धरून उतरवा. उंच फाळक्यावरून थेट चिखलात उडी मारायला लावलं की पाय मोडतो.

गुरं नेताना

गळ्यातलं लोढणं, पायाला बांधलेली दोरी आधी काढा. चिखलात ही दोन्ही फासासारखी काम करतात. दोन जनावरं एका दाव्याने जोडू नका. एक घसरलं की दुसऱ्यालाही घेऊन पडतं. वाट माहीत असलेली म्हातारी गाय पुढे, बाकीची तिच्यामागे. गाभण आणि नुकती व्यालेली शेवटी, स्वतःच्या चालीने. वेसण ओढून चिखलात नेलं तर जनावर मान वर करून मागे ताणतं आणि पाय बघत नाही. मागून, खांद्याच्या थोडं मागच्या बाजूला उभं राहून हाकलं की ते पुढे सरकतं. खांद्याच्या पुढे गेलात की थांबतं किंवा वळतं. काठी लागत नाही, जागा बदलावी लागते. गुरं पाण्याच्या चकाकीला आणि अचानक बदललेल्या रंगाला थबकतात, त्यांना मान खाली घालून वास घ्यायला वेळ द्या. मागून गर्दी केली की पहिलं जनावर बाजूला, नेमक्या खोल चिखलात उडी घेतं.

म्हशीला चिखलाची भीती नसते, उलट ती त्यात बसते. बसलेल्या म्हशीशी भांडण्यात वेळ घालवू नये. एचएफ आणि जर्सीच्या संकरित गायींचं मात्र उलट: वजन जास्त, कास खाली लोंबलेली, खूर मऊ. त्यांना गुडघाभर चिखलातून नेलं की दगडीचा, म्हणजे कासदाहाचा त्रास आठवड्याभरात दिसतो. दुधाच्या गायीला चरायला नेण्यापेक्षा चारा गोठ्यात आणणं पावसाळ्यात परवडतं. डांगी जनावरं ओल्या भागाला सोसतात, म्हणूनच नाशिकच्या आणि नगरच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात ती टिकली.

ओढ्याला पाणी गुडघ्याच्या वर आणि वाहतं असेल तर गुरंही नाही आणि गाडीही नाही.

जनावर रुतलं तर

शिंगं, मान, शेपूट, वेसण आणि पाय यांपैकी कशालाही धरून ओढायचं नाही. शेपटीचं हाड निखळतं, मानेचा फास बसतो. शिंगांना दोर लावायचा तो फक्त डोकं पाण्याच्या आणि चिखलाच्या वर ठेवण्यासाठी.

रुतलेल्या पायाला मातीने नव्हे, चोषणाने धरलेलं असतं. खूर उचलला की खाली पोकळी होते आणि ती खाली खेचते. ती पाण्याने फोडायची. फवारणीचा एचटीपी पंप असेल तर उत्तम: पाइप आणि टाकी आधी दोनदा स्वच्छ धुवा, नोझल काढा, नळी पायाला लागून खाली सरकवा आणि खुराखाली पाणी सोडा. पाय हलायला लागतो ते लगेच कळतं. पंप नसेल तर पायाभोवती हाताने माती काढून बादलीने पाणी ओता. चारही पायांना हे झाल्याशिवाय ओढायचं नाही.

ओढण्यासाठी वीतभर रुंद पट्टा: जुना मशीनचा बेल्ट, पाण्याचा जाड चपटा पाइप, किंवा दोन-तीन बारदानं एकत्र शिवून. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीभोवती, आणि एक पट्टी पुढच्या पायांमधून काढून त्याला जोडलेली, म्हणजे पट्टा मानेवर सरकत नाही. पुढे लाकडी दार किंवा ताडपत्री पसरा आणि जनावर त्यावर घसरवा. सहा-आठ माणसांनी निघत असेल तर ट्रॅक्टर लावू नका. लावलाच तर लो-१, आणि झटका नाही.

बाहेर आल्यावर बहुतेक गुरं लगेच उभी राहत नाहीत, थकलेली असतात. उभं करण्याची घाई नको, पण आडवं पडू देऊ नका. आडव्या पडलेल्या गायीचं पोट फुगतं आणि त्यानेच ती जाते. छातीवर बसवा, दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावा, डोकं उताराच्या वरच्या बाजूला. बारदानाने अंग खरखरून पुसा, वारा अडवा. पिण्यासाठी कोमट गुळाचं पाणी समोर ठेवा. नळीने किंवा बाटलीने तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं. दर दोन-तीन तासांनी तिची कूस बदला. बरेच तास एकाच कुशीवर राहिली तर मांडीचे स्नायू दबून मरतात आणि मग ती उठतच नाही. दोन तासांत उठत नसेल, किंवा नुकती व्यालेली असेल, तर वाट न बघता १९६२ वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

रोजच्या चिखलाने खुरांत जखमा होतात. गोठ्याच्या तोंडाशी ५ टक्के मोरचुदाचं पाणी, म्हणजे १०० लिटरला ५ किलो, आठवड्यातून दोनदा पायाखाली द्या; धातूच्या भांड्यात नको, ते गंजतं. हे पाणी गुरांनी पिऊ नये. घटसर्प आणि फऱ्याच्या लशी मे-जूनमध्येच.

तीच जागा पुन्हा का बसते

कारण आपण खड्डा भरतो, पाणी तिथेच ठेवतो. चिखलात टाकलेला मुरूम चाकाखाली खाली जातो आणि चिखल वर येतो. दोन पावसांत मुरूम दिसेनासा होतो, आणि लोक म्हणतात काळ्या मातीने गिळला. खरंच गिळलेला असतो.

काम एप्रिल-मेमध्ये करायचं. दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट खोल चर काढा आणि त्यांचं तोंड ओढ्याला किंवा खालच्या नाल्याला मिळवा. तोंड बंद राहिलेला चर म्हणजे लांबट डबकं. शेजारच्या रानाचं पाणी आडवं येतं तिथे किमान एक फूट व्यासाचा सिमेंटचा पाइप मोरीसारखा घाला. रस्ता मध्ये उंच: तीन मीटर रुंदीला मधला भाग कडेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर वर.

मग मातीवर वेगळं करणारं कापड, म्हणजे जिओ टेक्स्टाइल. ते परवडलं नाही तर खताच्या विणलेल्या रिकाम्या गोण्या उसवून, फूटभर एकावर एक चढवून. दिसायला गावठी, पण मुरूम आणि चिखल वेगळे ठेवण्याचं काम त्या करतात. त्यावर १५ सेंटिमीटर दगडी सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, त्यावर १५ सेंटिमीटर मुरूम, पाणी मारून रोलरने दाबलेला. १०० मीटर लांब, तीन मीटर रुंद पट्ट्याला दोन्ही मिळून ९० घनमीटर दाबलेला भराव लागतो. सैल माल साधारण ११५ घनमीटर, म्हणजे सुमारे ४० ब्रास. सगळी पाणंद एकदम होत नाही, तेव्हा दरवर्षी बसणाऱ्या तीस मीटरपासून सुरुवात करा.

मुरूम लांबून आणावा लागत असेल तर चुना. विरवलेला चुना मातीच्या वजनाच्या ४ टक्के: १५ सेंटिमीटर खोलीला दर चौरस मीटर सुमारे ९ किलो. रोटाव्हेटरने दोनदा मिसळा, ओलवा, दाबा आणि आठवडाभर गाडी-गुरं बंद ठेवा. चुन्याने काळ्या मातीचं फुगणं आणि चिकटणं कमी होतं. पसरताना वारा नसावा, डोळ्यांना चष्मा हवा.

हाळाभोवती पाच-सहा मीटर फरशी किंवा सोलिंग केलंच पाहिजे, तिथे खूर दिवसाला शेकडो वेळा पडतात. आणि गुरांची वाट गाडीच्या वाटेपासून वेगळी करा: दीड-दोन मीटरची पट्टी तारेने तोडून दिली तरी पुरे. जागा नसेल, आणि पाणंद शेजाऱ्याने नांगरून अरुंद केली असेल, तर तहसीलदाराकडे जाता येतं. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३. पाणंदीच्या मजबुतीसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली होती; सध्या कोणत्या योजनेतून काम घेता येतं ते ग्रामपंचायतीत विचारा.

ट्रॅक्टर बाहेर आल्यावर

धुऊन उभा करण्याआधी मागच्या ॲक्सलचं आणि गिअरबॉक्सचं तेल डिपस्टिकने बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे, त्या तेलावर पुढची फेरी मारायची नाही. पुढच्या हबमध्ये ग्रीसगनने नवं ग्रीस घाला, जुनं मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत. रेडिएटरची जाळी आणि पंखा चिखलाने भरलेला असतो. वाळल्यावर काढायला जास्त त्रास, म्हणून ओला असतानाच, हलक्या पाण्याने आतून बाहेर. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकात भाताच्या चिखलणीसाठी बूच लावलेलं असेल तर ते काढून आत साठलेलं पाणी सोडा. कोरडे ब्रेक असतील तर मोकळ्या जागेत दोन-चार वेळा दाबून वाळवा, मग रस्त्यावर घ्या. आणि ओढायला वापरलेला दोर उन्हात पसरून एकेक पीळ बघा; एकाच जागी तारा तुटलेल्या दिसल्या तर तो तुकडा कापून टाका, गाठ मारून पुन्हा ट्रॅक्टरवर ठेवू नका.